कोऱ्या यंत्राची किंमत

आमच्या शाळेच्या ऑफिसातील संगणकाच्या पडद्यावर, उजव्या कोपऱ्यात खाली, दोन फिकट ओळी कायम दिसत असत. 'ॲक्टिव्हेट विंडोज' अशी त्यांची सुरुवात. आम्ही शिक्षक त्या ओळींना इतके सरावलो होतो की जुन्या भिंतीवरच्या ओलीकडे जसे लक्ष जात नाही, तसे त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नसे. गेल्या दिवाळीच्या आधी, सत्र परीक्षेच्या दिवसांत, नववीतला एक मुलगा हजेरीचा कागद घेऊन ऑफिसात आला. माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. त्याने ती ओळ अक्षर अक्षर लावून वाचली आणि विचारले, "आपा, ये विंडोज चोरी की है क्या?"

मी म्हटले, "बेटा, अपना काम करो." तो निघून गेला.

प्रश्न छोटा होता, पण मला तो पुरला. त्याच आठवड्यात मी त्याच्या वर्गाकडून कॉपी न करण्याची शपथ म्हणून घेतली होती. बोर्डाच्या परीक्षेसाठी राज्यात कॉपीमुक्त अभियान चालते. त्याची सवय नववीपासूनच लागावी, असा माझा आग्रह. एका मुलाच्या कंपासपेटीतून चिठ्ठी काढून मी सर्वांसमोर फाडली होती. 'नक़ल चोरी है' हे शब्द फळ्यावर माझ्याच हस्ताक्षरात होते. आणि त्या शपथेचा उर्दू मजकूर मी ज्या यंत्रावर टाईप केला, त्यातले विंडोज नकली होते, आणि उर्दू लिहायचे इनपेजही नकलीच.

मी आलिमा नाही, वकील नाही आणि संगणकातली जाणकारही नाही. बी.एड. झालेली, उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवणारी एक शिक्षिका आहे. पंचवटीत राहते आणि रोज होळकर पूल ओलांडून जुन्या नाशकात शाळेला जाते. एक लॅपटॉप खरेदी करताना मला जो त्रास झाला आणि त्यातून जे प्रश्न उभे राहिले, ते वाचकांपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

झाले असे की त्याच सुमारास काही माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी मिळून शाळेला चाळीस हजार रुपये दिले. मुलांना संगणक हाताळायला मिळावा, एवढीच त्यांची अट होती. गरजही होती. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती कंपनीने थांबवली, आणि आमचे जुने यंत्र विंडोज ११ च्या अटीत बसत नव्हते. चांगले चालणारे यंत्र एका तारखेने म्हातारे ठरले. खरेदीचे काम माझ्याकडे आले. त्या चाळीस हजारांत भद्रकालीत हातगाडी लावणाऱ्या एका पालकाचे दोनशे रुपये होते. म्हणजे ही रक्कम अमानत होती. मी ठरवले की या पैशातून चोरीचे काही येणार नाही आणि जे लागणार नाही त्याचे पैसेही जाणार नाहीत. लिनक्स नावाची मोफत प्रणाली असते, हे मला ऐकून ठाऊक होते. तेव्हा विंडोज नसलेला लॅपटॉप घ्यावा आणि त्यात लिनक्स टाकावे, असा साधा हिशोब मी केला.

एम.जी. रोडवरच्या पहिल्या दुकानात मी तसे सांगितले, तेव्हा दुकानदाराने बिनचाकांची सायकल मागितल्यासारखे माझ्याकडे पाहिले. "मॅडम, विंडोजशिवाय त्याचं करणार काय?" मी लिनक्सचे नाव काढले. तो म्हणाला, "टाका. पण मग काही अडलं तर आमच्याकडे आणू नका."

दुसऱ्या दुकानात सर्वच लॅपटॉपांत विंडोज होते. मी म्हटले, ते काढून घ्या आणि तेवढे पैसे कमी करा. तो हसला. "ते कंपनीतूनच आत येतं. त्याची वेगळी किंमत नसते." मी विचारले, "किंमत नसते म्हणजे फुकट असते का?" "फुकट नसते. पण वेगळी नसते." या उत्तराचा मी परतीच्या रिक्षात बराच वेळ विचार केला.

तिसऱ्या दुकानात कोपऱ्यातल्या खोक्यातून एक लॅपटॉप निघाला. त्यात फक्त 'डॉस' होते. सुरू केला तर काळा पडदा आणि एका ओळीत लुकलुकणारी खूण. किंमत विंडोजवाल्यापेक्षा चार हजारांनी कमी. मी आनंदले. तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "काळजी करू नका, विंडोज मी टाकून देतो. ऑफिस, अँटिव्हायरस, तुमचं उर्दूचं इनपेजसुद्धा. शाळेचं काम आहे, पैसे नकोत." सुटे विंडोज रीतसर घ्यायचे तर नऊ-दहा हजार पडतील, असेही त्यानेच सांगितले. तो वाईट माणूस नव्हता. त्याने मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. त्याच्या दृष्टीने तो एका शाळेची सेवा करत होता. मी नको म्हटले, तेव्हा तो खरोखरच दुखावला.

अशा रीतीने बाजाराने माझ्यापुढे दोन रस्ते ठेवले. एकात नको असलेल्या वस्तूचे पैसे मोजायचे, दुसऱ्यात हव्या असलेल्या वस्तूचे पैसे बुडवायचे. तिसरा रस्ता मागणारा माणूस दोन्हीकडे विक्षिप्त ठरतो.

शिक्षककक्षात हा विषय निघाला, तेव्हा सहकाऱ्यांनी मला चार गोष्टी सांगितल्या. चारही ऐकण्यासारख्या आहेत, म्हणून त्या नीट मांडते.

पहिली गोष्ट: नकलेने कोणाचे काय गेले? माझी शेळी कोणी नेली तर माझा खुंटा रिकामा होतो. पण एका दिव्यावर दुसरा दिवा लावला तर पहिल्याचा उजेड कमी होत नाही. सॉफ्टवेअरची प्रत काढली तरी मूळ तिथेच राहते. मग चोरी कसली?

याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही, माझ्या अब्बांकडे मिळाले. अब्बा मालेगावात कातिब होते. बरूची कलम, शाई आणि रेघा आखलेला मिस्तर, एवढ्यावर आमचे घर चालले. एकदा त्यांनी एका छापखान्यासाठी 'बिस्मिल्लाह'चा तुग़रा लिहिला. दोन रात्री जागून, पाच कागद फाडून, सहावा पसंत पडला. त्याचे ठरलेले पैसे मिळाले. दोन वर्षांनी तोच तुग़रा दुसऱ्याच छापखान्याच्या लग्नपत्रिकांवर दिसला. अब्बा विचारायला गेले. मालक म्हणाला, "मौलाना, तुमची बिस्मिल्लाह तुमच्या घरात आहेच की. आम्ही काय उचलून आणली?" अब्बा काही न बोलता परत आले. पुष्कळ वर्षांनी मी त्यांना विचारले की अल्लाहच्या नावावर आपला हक्क कसा सांगता येईल? ते म्हणाले, "नाम अल्लाह का था बेटा, रात तो मेरी थी."

शेळी आणि दिवा यांच्या दाखल्यात ही रात्र धरलेली नसते. नकलेने वस्तू जात नाही हे खरे, पण ती वस्तू घडवताना ज्याची रात्र गेली त्याला विचारले जात नाही. म्हणून मला वाटते की नक्कल ही शेळी नेण्यासारखी चोरी नसेलही, पण ती हक़ बुडवणे नक्कीच आहे. इस्लामी सहकार्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय फ़िक़्ह अकादमीने १९८८ च्या डिसेंबरात कुवेतला भरलेल्या बैठकीत लेखन, शोध आणि व्यापारचिन्ह यांवरचे हक्क शरीअतीला मान्य आहेत आणि त्यांचा भंग करू नये, असा ठराव केला. आपल्या देशातही कॉपीराइट कायदा १९५७ चा असून १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाचे प्रोग्राम त्यात आले. त्यातील कलम ६३-ख नुसार जाणूनबुजून नकली प्रोग्राम वापरणाऱ्याला कमीत कमी सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकते. म्हणजे कायद्यानेही शाळा आणि दुकान यांत फरक केला आहे, पण दोघांनाही निर्दोष म्हटलेले नाही.

दुसरी गोष्ट: कंपनी अब्जाधीश आहे, तिला काय फरक पडतो? हे वाक्य मी स्वतः अनेकदा बोलले आहे. न्याय मालकाच्या श्रीमंतीवर ठरत नाही, हे उत्तर बरोबर आहे, पण ते पुरे नाही. खरी बाब अशी की श्रीमंत कंपनीला बहुधा खरोखरच फरक पडत नाही. उलट नकली विंडोजवर शिकलेले मूल मोठेपणी विंडोजच मागते. त्याच्या ऑफिसला ते विकत घ्यावे लागते. नकलेची किंमत मग कोण भरतो? एक तर छोटा कारागीर. इनपेज हे उर्दूसाठीचे सॉफ्टवेअर दिल्लीच्या एका कंपनीने १९९४ मध्ये आणले. उर्दू वाचणारे कोट्यवधी, पण विकत घेणारे किती थोडे! आणि दुसरा तो, जो आपली प्रणाली खरोखरच मोफत देतो. त्याच्या मोफत वस्तूला कोणी हात लावत नाही, कारण शेजारी चोरीची वस्तूही मोफतच मिळते. खोटे फुकट खऱ्या फुकटाला बाजारातून हाकलते. हे समजल्यापासून 'कंपनीला काय फरक पडतो' हे वाक्य माझ्या तोंडी येत नाही.

अब्बांच्या बाबतीत तर नकलेने दुहेरी घाव घातला. कराचीचे मिर्झा अहमद जमील यांनी नस्तालीक लिपीच्या हजारो जोडआकृती हाताने लिहून त्या यंत्रात बसवण्याचे काम केले आणि १९८१ मध्ये 'जंग' दैनिक लाहोरला त्या 'नूरी नस्तालीक'मध्ये छापले जाऊ लागले. ते मोठे काम होते. एका कातिबाच्या हाताचेच ते यंत्रातले रूप होते. पुढे इनपेज आले आणि नव्वदीच्या अखेरीस अब्बांचे काम थांबले. याबद्दल माझी तक्रार नाही. काळ बदलतो, कारागीर मागे पडतो. पण ज्या छापखान्यांनी अब्बांना घरी बसवले त्यांतल्या बहुतेकांनी इनपेजही विकत घेतले नव्हते. कातिबाची मजुरी वाचली आणि सॉफ्टवेअरची किंमतही वाचली. आपल्या जबानसाठी आपण खूप भाषणे करतो, मुशायऱ्यात दाद देतो. पण तिची अक्षरे घडवणाऱ्या दोन्ही हातांना आपण रिकामेच परत पाठवले.

तिसरी गोष्ट: सगळेच करतात. नाशिककरांना हे वेगळ्या भाषेत सांगता येईल. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की आम्ही विचारतो, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले? गुडघ्याला, कमरेला की छातीला? त्या मूर्तीवरून आम्हा सर्वांना, मग आम्ही कोणत्याही धर्माचे असू, पुराचा अंदाज येतो. मूर्ती जागची हलत नाही म्हणूनच माप कळते. तीच पाण्याबरोबर वर तरंगू लागली, तर पूर कितीही चढो, पाणी नेहमी गुडघ्यालाच दिसेल. 'सगळेच करतात' असे म्हणणे म्हणजे माप तरंगू देणे होय. आणि शिक्षकाचे माप तरंगू लागले तर मुलांनी पाणी कशावर मोजावे?

चौथी गोष्ट सर्वांत वजनदार: गरज. गरीब शाळा आहे, मुलांचे नुकसान होते आहे, ज़रूरतीत मनाई सैल होते. फ़िक़्हमध्ये हा नियम आहेच. पण त्याला जोडून दुसराही नियम आहे, की सैलपणा गरजेपुरताच असतो. जवळ स्वच्छ पाणी असताना तयम्मुम चालत नाही. बाजारात कोणतीही मोफत आणि हलाल प्रणाली नसती, तर आमच्या शाळेची ज़रूरत मी कदाचित मान्य केली असती. पण ती आहे. ती वापरायला कटकटीची आहे, इतकेच. कटकट म्हणजे ज़रूरत नव्हे. इथे माझा वाद सहकाऱ्यांशी संपला आणि माझ्या स्वतःच्या आळसाशी सुरू झाला.

आता नाण्याची दुसरी बाजू. ग्राहकाने चोरी करू नये हे खरे, मग विक्रेत्याने जबरदस्ती करावी काय? व्यापार उभयपक्षी रज़ामंदीने व्हावा, ही कुरआनाचीच अट आहे. पंचवटीच्या मार्केट यार्डात टोमॅटोची जाळी घ्यायला गेलेल्याला कोणी सांगितले की सोबत कोथिंबिरीची जुडी घ्यावीच लागेल आणि तिचा भाव विचारायचा नाही, तर तिथे आरडाओरडा होईल. गॅसच्या जोडणीबरोबर शेगडी गळ्यात मारण्याचा प्रकार आपल्या आईबापांच्या पिढीने भोगला आहे. आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्यात एका वस्तूबरोबर दुसरी घेण्याची सक्ती करणाऱ्या करारांचा कलम ३ मध्ये स्पष्ट उल्लेख आहे. त्याने स्पर्धेला मोठी बाधा येत असेल तर तो करार बेकायदा ठरतो. पण संगणकाच्या पोटातली सक्ती कोणाला सक्ती वाटतच नाही.

जगात काहींना ती वाटली. १५ फेब्रुवारी १९९९ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील काही लोक न वापरलेल्या विंडोजचे पैसे परत मागायला मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयावर गेले. 'अटी मान्य नसतील तर परत करून पैसे घ्या' असे परवान्यातच लिहिले होते. त्या दिवशी पैसे मिळाले नाहीत. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०१४ मध्ये अशा एका ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. उलट २०१६ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने म्हटले की संगणक आधीच भरलेल्या सॉफ्टवेअरसह विकणे एवढ्यावरून तो अनुचित व्यवहार ठरत नाही, आणि प्रत्येक सॉफ्टवेअरची वेगळी किंमत सांगितली नाही म्हणून ग्राहकाची दिशाभूल होते असेही नाही. 'फुकट नसते, पण वेगळी नसते,' हे एम.जी. रोडवरचे उत्तर मला त्या निकालात पुन्हा ऐकू आले. मी त्या न्यायाधीशांपुढे कोण? तरी मला वाटते की ज्या वस्तूची किंमत विचारता येत नाही, तिच्यावरची माझी रज़ामंदी अपुरी आहे.

मात्र यातून एक चुकीचा निष्कर्ष निघतो आणि तोच आपल्याला गोड लागतो: ते जबरदस्ती करतात, म्हणून आपण चोरी केली तर फिटले. असे फिटत नाही. दोन अन्याय एकमेकांना छेदून शून्य होत नाहीत, त्यांची बेरीज होते. जबरदस्तीचे खरे उत्तर, ती वस्तू न घेणे आणि न वापरणे हेच आहे. चोरून वापरणारा तर त्या जबरदस्तीला आणखी एक गिऱ्हाईक देतो.

या वस्तूवाचून काम चालावे म्हणून काही माणसांनी आयुष्ये घातली, हे मला या निमित्ताने कळले. १९७६ मध्ये तरुण बिल गेट्स यांनी छंद म्हणून संगणक वापरणाऱ्यांना एक खुले पत्र लिहिले. तुमच्यातले बहुतेक जण आमचा प्रोग्राम चोरून वापरतात. मोबदल्याशिवाय असे कसबी काम करायला कोणाला परवडेल, असा त्याचा रोख होता. प्रश्न रास्त होता. पण त्याचे उत्तर देणारे लोक निघाले. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना एका छपाईयंत्राची अडचण दूर करायची होती, आणि त्याच्या प्रोग्रामची मूळ संहिता त्यांना नाकारण्यात आली. १९८३ मध्ये त्यांनी सर्वांसाठी मुक्त प्रणाली लिहिण्याची घोषणा केली. १९९१ मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने प्रणालीचा गाभा लिहिला. त्यावर जगभरच्या हजारो हातांनी काम केले.

त्यांचा परवाना मी समजून घेतला तेव्हा मला आपल्याकडची एक जुनी गोष्ट आठवली. कोणी विहीर वक़्फ़ केली की ती विकता येत नाही, वारसांत वाटता येत नाही, पाणी सर्वांना. स्टॉलमन यांच्या परवान्यात लेखकाचा कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो, हा फरक आहे. पण अट वक़्फ़सारखीच: वापरा, बदला, वाटा, मात्र बदललेले पुढे द्याल तेव्हा त्याच अटीवर आणि संहितेसह द्या. विहिरीला कुंपण घालता येणार नाही. ज्या समाजाने शतकानुशतके विहिरी, सराया आणि मदरसे वक़्फ़ केले, त्याला ही कल्पना परकी वाटायला नको होती. पण वक़्फ़च्या मालमत्तांचे आपल्याकडे काय झाले ते आपण जाणतो. विहीर फुकट असली तरी गाळ उपसावाच लागतो. पाणी प्यायला सगळे, गाळ काढायला कोणी नाही, हे इथेही घडते. मीसुद्धा आजवर प्यालेच आहे, उपसलेले काही नाही.

शेवटी मी तो काळ्या पडद्याचा लॅपटॉप घेतला. बिलात जे होते तेवढेच लिहून घेतले. आमच्याच शाळेतून गेलेल्या आणि आता पॉलिटेक्निकला असलेल्या एका मुलाने रविवारी येऊन त्यात लिनक्स टाकले. आणि मग खरा त्रास सुरू झाला. प्रिंटर चालेना, तीन दिवसांनी चालला तर पान उलटे येई. दहा वर्षांच्या उर्दू प्रश्नपत्रिका इनपेजमध्ये होत्या. त्या नव्या यंत्रावर उघडेनात. गूगलने २०१४ मध्ये मोफत दिलेला 'नोटो नस्तालीक उर्दू' फाँट आणि मोफत लिब्रेऑफिस यांवर मी नववीची विज्ञानाची प्रश्नपत्रिका नव्याने टाईप केली. तीन रात्री गेल्या. सूत्रे डावीकडून, उर्दू उजवीकडून. एक समीकरण दर वेळी उलटे होऊन बसे. छापखान्याने सांगितले, इनपेजची फाईल द्या. मी पीडीएफ दिली. त्याने घेतली, पण तोंड वाकडे करून.

सहकारी वैतागले. एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "तुमचं ईमान सांभाळायला आम्ही का राबायचं?" हा प्रश्न मला त्या मुलाच्या प्रश्नाइतकाच लागला. माझ्या प्रामाणिकपणाची किंमत दुसऱ्यांच्या वेळातून जाणार असेल, तर तो कितपत माझा? मी खूप विचार केला. मला वाटते, एकट्याने पाळलेला प्रामाणिकपणा महाग असतो, आणि तो महाग आहे म्हणूनच लोक त्याला वेडेपणा म्हणतात. केरळच्या सरकारी शाळांनी आय.टी. ॲट स्कूल योजनेखाली मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले. तिथे शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले, पाठ्यपुस्तके त्यावरच बेतली गेली. तिथल्या बाईंना एकटीला प्रिंटरशी झगडावे लागत नाही. आमचा त्रास लिनक्सपेक्षा एकटेपणाचा अधिक होता. आम्ही नोकरीसाठी जे संगणकाचे धडे घेतले, त्यांत संगणक म्हणजे विंडोज आणि ऑफिस, एवढेच शिकलो. म्हणून मी ठरवले की हट्ट धरायचा तो स्वतःच्या कामापुरता. इतरांच्या प्रश्नपत्रिका मी उतरवून देईन, पण त्यांना उपदेश करणार नाही. आतापर्यंत चौघांच्या उतरवून झाल्या. पाचव्या त्या ज्येष्ठ बाईंच्या आहेत.

ऑफिसातले जुने यंत्र अजून आहे. त्या फिकट ओळीही आहेत. एखाद्या दिवशी घाईत असले की मीसुद्धा त्यावर बसते, हे लपवण्यात अर्थ नाही. ते पुसून कोरे करण्याचा प्रस्ताव मी संस्थेपुढे ठेवला आहे. निर्णय व्हायचा आहे.

पण एक हिशोब माझ्या एकटीचा होता. परीक्षा संपल्यावर मी त्या मुलाला बोलावले. म्हटले, "तू पूछा था ना, वो विंडोज? हाँ बेटा, चोरी की थी." त्याने लगेच विचारले, "फिर आप चलाते क्यूँ थे?"

मी ही सारी कारणे त्याला सांगू शकले असते. कंपनीची जबरदस्ती, शाळेची गरिबी, बाजाराची रीत. पण त्याच्या वर्गातल्या ज्या मुलाची चिठ्ठी मी फाडली होती, त्याच्याकडेही कारणे होतीच, आणि मी ती ऐकून घेतली नव्हती. मी म्हटले, "आसान था, इसलिए."

तो थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "आपा, नए वाले में मुझे भी उर्दू टाइप करना सिखाएँगे?"